पूलमधली माती

ते प्रकरण मी विसरलो, असं बायकोला अनेकदा सांगितलं आहे. तिला ते खरं वाटत नाही आणि मलाही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा दंडाला गोळी चाटून गेली; त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण ज्यात कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही असं हे एक प्रकरण, रोज सकाळी देवापुढची शिळी फुलं उचलताना हमखास समोर येऊन उभं राहतं. फुलांचा संबंध काय, ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल थोडं. शाळकरी वयात आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलो. वडील इंजिनिअर, त्यामुळे मीही इंजिनिअर होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी पोलिसात गेलो. व्हर्जिनियात, हर्नडनच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव मी देणार नाही आणि माणसांचीही देणार नाही. मी पोलीस झालो ही बातमी त्या काळी आपल्या मंडळींना घरात कोणी गेल्यासारखी वाटली. बायका आईला भेटायला यायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "होईल सगळं नीट." एकाच माणसानं माझी पाठ थोपटली. वडिलांचे मित्र, रस्ते-इमारतींचे इंजिनिअर, सगळे त्यांना काका म्हणत. ते म्हणाले, "अरे, या देशात पोलीस स्टेशनमध्ये काउंटरच्या आतल्या बाजूला आपला एक तरी माणूस पाहिजे." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

गावात एक खासगी स्विमिंग क्लब आहे. आहे म्हणतो, पण होता म्हणायला हवं. त्याचा जन्म कसा झाला हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. वर्णभेदाच्या काळात गावाचा एक सरकारी पोहण्याचा पूल होता, तो फक्त गोऱ्यांसाठी. कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना उघडा. गावाच्या कारभाऱ्यांनी तो उघडला नाही. ट्रक लावून त्यात माती ओतली, वर गवत लावलं आणि बाग केली. कृष्णवर्णीय मुलांबरोबर एका पाण्यात पोहण्यापेक्षा कोणीच न पोहलेलं बरं, असा हिशेब. मग गोऱ्या कुटुंबांनी वर्गणी काढून थोड्या अंतरावर स्वतःचा क्लब बांधला. नियम साधा होता: नव्या सभासदासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी. नियमात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. गरजच नव्हती, कारण जुने सभासद सगळे गोरे होते.

वर्षं गेली, आजूबाजूची घरं आयटीवाल्यांनी घेतली. काका त्या क्लबात घेतलेले पहिले भारतीय. त्यासाठी त्यांना कित्येक उन्हाळे थांबवलं होतं आणि ते हे कधीच विसरले नाहीत. माझ्या कथेच्या वेळी क्लबाच्या कमिटीत निम्म्याहून अधिक आपलीच माणसं होती आणि काका सेक्रेटरी होते. शिफारशीचा नियम मात्र जसाच्या तसा होता. "चांगला नियम आहे," काका म्हणायचे, "त्यामुळे क्राउड सिलेक्ट राहतो."

तो उन्हाळा वाईट होता. दुसऱ्या एका राज्यात पोलिसांच्या हातून एक कृष्णवर्णीय माणूस मेला होता आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले होते. आमच्या लहानशा गावातही मोर्चे निघत. सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, आमची शिपाई पोरं हेल्मेट घालून स्टेशनसमोर उभी राहून थकली होती. मोर्च्यातली मंडळी माझ्याकडे बघायची तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा नवलच जास्त असायचं, हा माणूस त्या बाजूला काय करतोय म्हणून.

मोर्च्याच्या पुढे एक तरुण असायचा. गावाच्या मनोरंजन केंद्रात लहान मुलांना पोहायला शिकवणारा मास्तर. त्याची मागणी अगदी साधी होती. केंद्राचा पूल दुरुस्तीसाठी बंद पडला होता आणि हायवेपलीकडच्या अपार्टमेंटांतली, बहुतेक कृष्णवर्णीय मुलं पोहायला न शिकताच मोठी होत होती. आदल्या वर्षी त्यातलं एक मूल ओढ्यात बुडून गेलं होतं. आठवड्यातून दोन सकाळी क्लबानं आपला पूल या मुलांना द्यावा, एवढंच तो मागत होता. कमिटीनं विम्याचं कारण देऊन नकार दिला. मग तो गावसभेत उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आजी लहान असताना कुंपणाला धरून उभी होती आणि तिच्यासमोर ट्रकनं पूलमध्ये माती ओतली. तुमच्या क्लबाच्या निळ्या पाण्याखाली तीच माती आहे." सभेत काहींनी टाळ्या वाजवल्या. कमिटीच्या रांगेत बसलेल्यांनी फोन काढले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी क्लबातून स्टेशनला फोन आला. रात्रीतून कोणीतरी पूलमध्ये माती ओतली होती. पाण्याचा चहा झाला होता, फिल्टर आणि मोटर कामातून गेली होती. गस्तीवरचे शिपाई पोचले तेव्हा तिथे काका होते. ते रोज उजाडता उजाडता पोहायला जात. त्यांनी खबर दिली की फाटकाजवळ त्यांना तो पोहण्याचा मास्तर दिसला, करड्या रंगाच्या गाडीत बसून निघून जाताना. जबाब घेतला, सही झाली आणि दुपारी मास्तरला घरातून उचललं. नुकसान मोठं, म्हणून गुन्हाही मोठ्या कलमाखाली गेला. सोमवारी जामिनाची सुनावणी होईपर्यंत तो कोठडीत.

मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. संध्याकाळी लेफ्टनंटनं फाईल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, "मोटिव्ह आहे, साक्षीदार आहे, साक्षीदार सभ्य आहे. सोमवारपर्यंत शिवून टाक." बाहेर मोर्चा जमला होता. घोषणा काचेतून ऐकू येत होत्या आणि एक काच आधीच फुटली होती.

मी काकांचा जबाब वाचला. माझा अनुभव सांगतो: खऱ्या साक्षीदाराच्या जबाबाला भोकं असतात. शर्टाचा रंग आठवत नाही, गाडी डावीकडे गेली की उजवीकडे ते सांगता येत नाही. काकांच्या जबाबात एकही भोक नव्हतं. शर्ट, गाडी, दिशा, सगळं जिथल्या तिथे. पण मी स्वतःला समजावलं, काका इंजिनिअर आहेत, त्यांचं सगळंच असं मोजूनमापून असतं.

मास्तरला चौकशीच्या खोलीत आणलं. हक्क वाचून दाखवले. वकिलाशिवाय बोलायला तयार आहे म्हणाला. माझ्याबरोबर जोडीदार डिटेक्टिव्ह होती, वयानं लहान पण डोकं शांत. (ही बोलणी अर्थातच इंग्रजीत झाली, मी ती मराठीत देतो आहे.)

"रात्री कुठे होतास?"

"घरी. आजीजवळ."

"आजीशिवाय कोणी सांगू शकेल?"

"नाही. तेवढ्यानं भागणार नाही हे मला माहीत आहे." तो पुढे वाकला. "एक विचारू? हे कलम माझ्यावर राहिलं तर मला परत मुलांना शिकवता येईल?"

"केस चालू असेपर्यंत नाही," माझी जोडीदार म्हणाली. "दोषी ठरलास तर कधीच नाही."

"केंद्रानं दुपारीच आजीला फोन केला. सस्पेंड केलंय. सोमवारपासून कोणाच्या तरी मदतीनं हायवेपलीकडच्या मुलांची बॅच सुरू होणार होती, एका मोटेलचा पूल मिळाला होता." त्यानं जामिनाबद्दल विचारलं नाही, शिक्षा किती तेही विचारलं नाही. गुन्हेगाराला पहिली काळजी सुटायचं कसं याची असते. याला बॅचची होती.

खोलीतून बाहेर आलो तर बाकावर त्याची आजी बसली होती. ऐंशीच्या आसपासची, ताठ कण्याची बाई, मांडीवर पर्स. नातवाला भेटायची वेळ संपली होती हे तिला सांगून झालं होतं, तरी ती बसली होती. मी तिला म्हटलं, "मॅडम, उद्या या."

ती म्हणाली, "त्यानं दगड मारला म्हणालात तर मी विचार करीन. तरुण आहे, रागावलेला आहे. काच फोडली म्हणालात तरी विचार करीन. पण पूलमध्ये माती? साहेब, आमच्या घरातला कोणी पूलमध्ये माती टाकणार नाही. आम्ही ती पडताना पाहिली आहे."

हा काही कायद्यातला पुरावा नव्हे. पण रात्रभर ते वाक्य मनातून जाईना, आणि सकाळी मी पहिल्यांदा त्या मातीकडे माती म्हणून बघायला गेलो. तोपर्यंत सगळे तिच्याकडे घोषणा म्हणून बघत होते.

सफाईवाल्यांनी ती उपसून ताडपत्रीवर ढीग घातला होता. काळी, भुसभुशीत, चांगली मुरलेली माती. बांधकामावरची नव्हे आणि रस्त्याकडेचीही नव्हे. आमच्या तंत्रज्ञानं नमुने घेऊन यादी केली होती: दोऱ्याचे तुकडे, काथ्या, गवताच्या बांधलेल्या काड्या आणि "एक प्रकारचं कठीण फळ, अनोळखी." मी हातमोजे घालून उकिडवा बसलो आणि ढीग चाळू लागलो. ते अनोळखी फळ बोटांत आलं. सुपारी होती. मग दुसरी. मग एक हळकुंड. लाल-पिवळ्या नाड्याचा गुंता. दुर्वांची जुडी, अजून दोरा सुटलेला नाही अशी.

मी बराच वेळ उठलो नाही. जोडीदार म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "ही माती कुठली आहे ते मला माहीत आहे."

इथे निर्माल्याबद्दल सांगायला हवं. देवाला वाहिलेलं आपण कचऱ्यात टाकत नाही. गणपतीत आमचं मंडळ एवढ्या लोकांचं होतं की पाच-दहा पोती निर्माल्य निघायचं. पूर्वी लोक ओढ्यात सोडत; काउंटीची नोटीस आली तेव्हा काकांनी तोडगा काढला. त्यांच्या घरामागे मोठी जागा होती, तिथे त्यांनी लाकडी चौकट करून खताचा खड्डा केला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक मराठी घरातलं निर्माल्य काकांकडे जायचं. सत्यनारायण असो, मंगळागौर असो, पिशवी भरायची आणि काकांच्या फाटकाशी ठेवायची. आमच्या घरचीही जायची. त्या ढिगातल्या काही सुपाऱ्या माझ्याच देवापुढच्या असतील. आणि रोज सकाळी ती फुलं उचलून पिशवीत कोण भरणार यावरून बायको माझ्याशी हुज्जत घालायची, तीही त्याच खड्ड्यामुळे.

मी लेफ्टनंटला सगळं सांगितलं, काका घरच्यासारखे आहेत हेही. ओळखीच्या माणसाची चौकशी आपण करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यानं डोकं धरलं. शेवटी म्हणाला, "चौकशी तुझी जोडीदार करील. तू बरोबर जा, कारण सुपारी म्हणजे काय हे या इमारतीत दुसऱ्या कोणाला कळत नाही."

काकांच्या घरी पोचलो. काकूंनी दार उघडलं, मला बघून हसल्या, मग माझ्या मागे बाई बघून हसू मावळलं. तरी चहा टाकते म्हणाल्या. मागे ट्रेलर उभा होता, गणपतीचं स्टेज वाहायला मंडळ वापरायचं तो. धुतलेला होता, पण सांध्यांत काळी माती होती. खड्डा अर्ध्याहून जास्त रिकामा.

माझी जोडीदार प्रश्न विचारू लागली. काका तिला नीट इंग्रजीत उत्तरं देत होते: खत बागेला टाकलं, मित्राला दिलं. मग ते एकदम माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागले.

"अरे, तिला बाहेर बसव ना जरा. आपण घरातलं घरात बोलू."

"काका, हे रेकॉर्ड होतंय. मराठीत बोललात तर त्याचं भाषांतर मलाच करून द्यावं लागेल."

"म्हणजे तू माझ्याविरुद्ध लिहिणार?"

"तुम्ही जे बोलाल ते लिहिणार."

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. त्या स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सांगून टाका ना. तो दुसऱ्याचा मुलगा आत बसलाय कालपासून. मला घास जात नाहीये."

काकांची एक मुलगी आहे, उशिरा झालेली, इथेच जन्मलेली. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते, एका प्रयोगशाळेत काम करते. नात्यानं मी तिचा दादा, वयानं काका, आणि ती मला काकाच म्हणते. ती त्या आठवड्यात घरी आली होती आणि शुक्रवारी पहाटे परत गेली होती. हे आम्ही शोधून काढलं असतंच. पण काका बोलले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबले नाहीत. शुक्रवारी उठून बघतात तर ट्रेलर चिखलानं भरलेला आणि मुलगी गेलेली. पोहायला गेले आणि पूल बघितल्यावर सगळं कळलं.

"मग त्या मुलाचं नाव का घेतलंत?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या जोडीदाराचा होता, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"सगळ्यांच्या मनात त्याचंच नाव होतं. तो पोलीस मला विचारतोय, तो कोच दिसला का? मी विचारलं नव्हतं, त्यानंच विचारलं. मी नुसतं हो म्हटलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्यासाठी रस्त्यावर यायला शेकडो लोक आहेत. माझ्या मुलीसाठी कोण येणार? तिचं करिअर, तिचं सगळं... एवढं करून, एवढं थांबून आपण इथे उभे राहिलो. एका रात्रीत घालवायचं?"

माझ्या ओठांवर आलं होतं की त्याचंही करिअर आहे. ते मला पाठीवर हात ठेवणारे काका दिसत होते आणि त्याच वेळी एक खोटा साक्षीदार दिसत होता, आणि दोघं एकाच खुर्चीत बसले होते. फार वाईट वाटलं. रागही आला. तो राग मला अजून आहे.

मुलीला फोन मीच केला, तिथूनच, जोडीदारासमोर. आदल्या दिवशी तिनं वडिलांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की कमिटीनं पूल गुपचूप साफ करून घेतला, कोणाला काही कळलं नाही. मास्तरला धरल्याचं तिला माहीतच नव्हतं.

"व्हॉट? त्याला का?" ती म्हणाली. "काका, बट आय लेफ्ट माय नेम. मी चादर लावली होती फेन्सवर. मोठ्या अक्षरांत. हे मी केलंय, का केलंय आणि खाली माझं नाव. दॅट वॉज द होल पॉइंट."

मी काकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. चादर नंतर त्यांच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे घडी करून ठेवलेली सापडली. त्यांना ती फेकून देववली नव्हती.

मुलगी दिवसभर गाडी चालवत आली आणि घरी न जाता सरळ स्टेशनवर आली. वकील येईपर्यंत थांब म्हटलं तर थांबली, पण मग सगळं सांगितलं. क्लबात ती पोहायला शिकली होती. सभेत मास्तरनं सांगितलं ते ऐकायला ती ऑनलाइन बसली होती आणि मग घरी आल्यावर वडिलांना म्हणाली होती, बाबा, यू नो व्हॉट इट फील्स लाइक, तुम्हाला पण थांबवलं होतं ना? त्यावर ते म्हणाले होते, "म्हणूनच. मी थांबलो, त्यांनीपण थांबावं." हे वाक्य ऐकून ती रात्री उठली होती.

"पण निर्माल्यच का?" मी विचारलं. जबाबात हा प्रश्न नव्हता, मला जाणून घ्यायचं होतं.

"दुसरी कुठली माती आणू? त्यांची असती तर चोरी झाली असती. ही आपली होती," ती म्हणाली. "आता क्लब पण आपलाच आहे ना."

सोमवारी सकाळी मास्तरवरचं कलम मागे घेतलं. कोठडीतून त्याचे बूट, पट्टा, फोन परत देण्याचं काम शिपायाचं, पण मी स्वतः गेलो. झालेलं सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो बुटाच्या नाड्या बांधत राहिला. मग म्हणाला, "ती मुलगी भली आहे. पण तिनं मला विचारायला हवं होतं. तिनं माझ्या आजीची गोष्ट उचलली आणि तीन रात्री आत मी बसलो." दारात आजी उभी होती. तिनं नातवाची कॉलर सरळ केली आणि दोघं निघून गेले. मोर्च्यातली माणसं त्यांच्यासाठी आनंदानं ओरडत होती, पण त्या दोघांनी हात वर केले नाहीत.

मोटेलच्या मालकानं पूल द्यायचं रद्द केलं होतं. केंद्रानं मास्तरला परत घेतलं, पण उन्हाळा संपल्यावर. त्या वर्षी ती मुलं पोहायला शिकली नाहीत.

मुलीनं गुन्हा कबूल केला. कोर्टानं भरपाई आणि समाजसेवा सांगितली. खोट्या जबाबाबद्दल काकांनाही कोर्टात उभं राहावं लागलं. वय बघून शिक्षा तहकूब झाली, सेक्रेटरीपद गेलं. आणि आपल्या मंडळींनी मला वाळीत टाकलं, अर्थात सभ्यपणे. ईमेल यायचे बंद झाले. देशी दुकानात भाजी निवडताना लोक दुसऱ्या टोकाला जायचे. एक गृहस्थ मात्र तोंडावर बोलले: "तुम्हाला आत ठेवलं होतं ते आपल्या माणसाला वाचवायला. तुम्ही तर यार उलटंच केलंत." त्यांना मी विचारलं, आपला माणूस म्हणजे कोण, ते एकदा ठरवून सांगा. त्यांनी कोथिंबिरीची जुडी टोपलीत टाकली आणि गेले. काकांनी खड्डा बुजवून टाकला होता. बायको म्हणायची, आता फुलं कुठे टाकायची? काही दिवस आम्ही ती पिशवीत साठवली. मग मी मागच्या अंगणात हातभर खड्डा खणला.

खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. फाईल तर इथेच बंद झाली.

पण चादरीवरचा मजकूर वर्तमानपत्रांत आला होता आणि क्लबावर दबाव वाढत होता. पूल उघडा, शिफारशीचा नियम काढा. वकिलांनी कमिटीला सांगितलं की आज ना उद्या नियम काढावाच लागेल. वर्षभर बैठका चालल्या. मग सभासदांचं मतदान झालं, गुप्त. निकाल लागला तो असा: पूल जुना झाला आहे, विमा परवडत नाही, जोखीम फार आहे. पूल कायमचा बंद करावा, बुजवून टाकावा आणि त्या जागी पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाची कोर्टं करावीत. मत कोणी कशाला दिलं हे मला ठाऊक नाही. पण सभासदांत आपली माणसं निम्म्याहून जास्त होती, एवढं गणित मला येतं.

मी तोवर निवृत्त झालो होतो. काम सुरू झालं त्या दिवशी का गेलो ते सांगता येणार नाही. कुंपणाबाहेर फारसं कोणी नव्हतं. मास्तर होता, आणि त्याच्याजवळ घडीच्या खुर्चीवर त्याची आजी, मांडीवर तीच पर्स. थोड्या अंतरावर काकांची मुलगी उभी होती. श्रूजबरीहून आली होती आणि घरी गेली नव्हती.

"घरी जा ग, काकू वाट बघत असतील," मी म्हटलं.

"बाबांनी पूल फिल करायला व्होट केलं," ती म्हणाली. "त्यांनी मला स्वतः सांगितलं. म्हणाले, आता तरी भांडण संपेल." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती दमलेली होती.

जुनी सवय जात नाही. मी ठेकेदाराच्या माणसाकडे गेलो आणि परवानगी दाखव म्हटलं. त्यानं दाखवली. गावाचा शिक्का होता, पर्यावरणवाल्यांची सही होती, सगळं कायदेशीर. एका ट्रेलरभर मातीसाठी मी एका मुलाला तीन रात्री कोठडीत पाहिलं, एका मुलीला कोर्टात उभं केलं, बापासारख्या माणसाला गमावलं. आता फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती आणि नोंदवायला गुन्हा नव्हता. तीस वर्षं मी कोणी केलं हे शोधत आलो. त्या कामात मी वाईट नव्हतो. पण सगळ्यांनी मिळून, मत देऊन, नियमानं केलं तर ते शोधायचं कुठल्या खात्यानं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि या प्रकरणानं मला शिकवलं असेल तर एवढंच की असं खातं नाही.

पहिला ट्रक मागे मागे येत काठाशी थांबला. आजीनं मला ओळखलं. हातानं जवळ बोलावलं, तसा मी तिच्या खुर्चीशी वाकलो.

"तेव्हा मी वडिलांना विचारलं होतं, हे लोक असं का करतायत," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू लहान आहेस, मोठी झालीस की कळेल."

ट्रकचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागला. ती त्याच्याकडे बघत होती.

"साहेब, आता मी पुरेशी मोठी आहे. तुम्ही सांगा."

मी टोपी काढून हातात घेतली आणि ट्रक रिकामा होईपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिलो.